राख, रक्षा, भस्म की काजळी? जळून उरलेल्याला नेमकं काय म्हणायचं आणि तो शब्द आला कुठून हे कसं शोधायचं

बातमी लिहायची असो, गोष्ट असो नाहीतर हिंदी-इंग्रजीतून भाषांतर असो, काहीही जळलं की आपण "राख झाली" लिहून मोकळे होतो. मराठीत त्यासाठी ढीगभर शब्द पडलेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळ्या उरलेल्या गोष्टीसाठी आहे, आणि गंमत म्हणजे दोन-तीन शब्द असे आहेत की त्यांचा मुळात जळण्याशी काही संबंधच नाही, फक्त आपण तसा लावून घेतलाय. तर आधी शब्द निवडायचा कसा ते बघू, मग त्याचं मूळ तपासायचं कसं ते.

धग आहे का ते आधी बघा

सगळ्यात सोपा प्रश्न हा, आत विस्तव शिल्लक आहे की सगळं थंड झालंय. लाल धगधगता तुकडा असेल तर तो निखारा. इंगळ म्हणजे पण तोच, फक्त हा शब्द आता बोलण्यात फार कमी येतो. लाकडं जळून चुलीत खाली जो निखाऱ्यांचा थर बसतो तो आर, म्हणून "आरावर भाजलेलं वांगं" म्हणतात, तिथे ज्वाळ नसते नुसती धग असते. आणि एका टोकाला पेटलेलं पण दुसऱ्या टोकाला हातात धरता येईल असं लाकूड म्हणजे कोलीत. म्हणून म्हणीतल्या माकडाच्या हातात कोलीत दिलंय, निखारा दिला असता तर त्याने तिथेच टाकला असता आणि गावाला काही धोका नव्हता.

यात सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा शब्द म्हणजे फुफाटा. "आगीतून फुफाट्यात" आपण सगळेच म्हणतो, पण फुफाटा म्हणजे काय विचारलं तर बरेच जण "मोठी आग" सांगतात आणि तिथेच म्हणीची मजा जाते. फुफाटा म्हणजे गरम राख, वरून राखाडी, विझल्यासारखी दिसणारी, आणि पाय ठेवला की आत भाजणारी (उन्हाने तापलेल्या धुळीलाही फुफाटा म्हणतात, त्यामुळे आता धूळ हाच अर्थ जास्त चालतो). म्हणजे म्हणीतला माणूस आगीतून उडी मारून सुरक्षित वाटणाऱ्या जागी गेलाय आणि तिथे फसलाय. लहान संकटातून मोठ्या संकटात असा सरळ हिशोब नाहीये तो, दिसायला शांत असलेल्या ठिकाणी जाऊन भाजण्याचा आहे. हे लक्षात ठेवलं तर म्हण कुठे शोभते आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

मग रंग बघा

विस्तव नसेल तर रंगाकडे बघायचं. काळं असेल तर त्यात कार्बन उरलाय म्हणजे जळण पूर्ण झालेलं नाही, पांढुरकं किंवा राखाडी असेल तर जळण्यासारखं सगळं जळून गेलंय आणि फक्त खनिजं राहिलीयेत. एवढं एक सूत्र धरलं तरी अर्धे शब्द जागेवर बसतात. काळं, घन, मूळ आकार राखून असलेलं ते कोळसा, लाकडाला कमी हवेत भाजलं की तो होतो. काळं, बारीक, धुरातून वर जाऊन काचेला, भिंतीला, भांड्याच्या बुडाला बसलेलं ते काजळी. आणि हलकी राखाडी भुकटी ती राख. लाकूड पूर्ण जळलं तर त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपासच राख उरते, बाकी सगळं हवेत जातं. दगडी कोळशाचं तसं नाही, आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख निघते, म्हणून तर परळी, कोराडी, चंद्रपूर इथल्या औष्णिक केंद्रांना राख साठवायला अख्खे बंधारे लागतात.

इथे एक अडचण येते. या केंद्रांच्या चिमणीकडे धुराबरोबर जी बारीक भुकटी जाते, जिला सगळे फ्लाय अॅश म्हणतात, ती वर जाते मग तिला काजळी म्हणायचं का? नाही. ती खनिजांची आहे, राखाडी आहे, सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरतात, ती राखच. म्हणजे कुठे जाऊन बसली याच्यापेक्षा रंग जास्त खरं सांगतो. उलट गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणतो ना "प्लगला कार्बन धरलाय", तो जे म्हणतो ती चक्क काजळी आहे, दिव्याच्या काचेवरची आणि स्पार्क प्लगवरची एकाच जातीची, अर्धवट जळलेल्या इंधनाची. गाडीबद्दल लिहिताना मात्र कार्बनच लिहा, तिथे तोच शब्द चालतो आणि काजळी लिहिलं तर वाचणारा कंदील शोधत बसेल.

काजळी हा शब्द वातीच्या जळक्या टोकालाही वापरतात, "काजळी झाड, दिवा नीट जळत नाहीये" असं. त्याच टोकाला गुल असाही शब्द आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

भांड्याला चिकटलेलं

हे पटकन उरकतो. तळाला लागून जो थर चिकटतो आणि खरवडून काढावा लागतो ती खरवड, म्हणजे इथे नाव जळण्यावरून पडलेलंच नाही, काढायच्या क्रियेवरून पडलंय. लोणी कढवून तूप गाळल्यावर जे तपकिरी उरतं ती बेरी. खरपूस म्हणजे हवं तेवढं भाजलेलं आणि करपलेलं म्हणजे त्याच्या पुढे गेलेलं, दोन्हींत मिनिटभराचंच अंतर असतं पण एक कौतुक आहे आणि दुसरी तक्रार. (तरी "खरपूस समाचार" घेतला तर ते कौतुक नसतं, भाषा आहे शेवटी.) करपणं आगीशिवायही होतं, पीक उन्हाने करपतं, आणि पानं भाजल्यासारखी दिसतात म्हणून भातावरच्या, कांद्यावरच्या रोगाचं नावच करपा. त्यामुळे "पीक करपलं" वाचून कुणी आग लागली असं भाषांतर करू नये.

कुणाची आहे, कशासाठी आहे

आता खरा नाजूक भाग. तीच राखाडी भुकटी, पण ती कुठून आली आणि कशासाठी घेतली यावर शब्द बदलतो. चुलीतली ती राख. चितेची असेल तर मराठीत रक्षा म्हणतात, रक्षाविसर्जन म्हणतात, बोलताना मात्र "राख सावडणे" असंही सर्रास चालतं. कपाळाला लावायची ती भस्म किंवा विभूती. देवापुढच्या उदाची, धुनीची, प्रसाद म्हणून दिलेली ती अंगारा. आणि वैद्याकडचं भस्म ही आणखी वेगळी गोष्ट, लोहभस्म, सुवर्णभस्म वगैरे, ती धातू पुन्हा पुन्हा तापवून केलेली भुकटी असते, लाकडाच्या राखेशी तिचं काही देणंघेणं नाही.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी इथे दोन ठिकाणी ब्रेक लावायचा. हिंदीत अंगारा म्हणजे पेटता निखारा आणि मराठीत अंगारा म्हणजे थंड राख, एकदम उलट. हिंदी पात्र "अंगारे" म्हणत असेल तर मराठीत अंगार चालेल, निखारे चालेल, अंगारे नाही, नाहीतर प्रेक्षकाला अंगारेधुपारे आठवतील. दुसरं रक्षा. हिंदीत तिचा अर्थ फक्त संरक्षण, मराठी माणसाच्या कानाला "त्यांची रक्षा आणली" म्हटलं की वेगळंच चित्र उभं राहतं.

अजून एक, भस्मसात. यातला "सात" हा संस्कृत प्रत्यय आहे आणि तो संपूर्णपणे तसं होणं दाखवतो, पाणिनीने तसं स्पष्ट सांगितलंय, आत्मसात मधला सात पण हाच. त्यामुळे "दुकान अंशतः भस्मसात" ही बातमी म्हणजे थोडंसं पूर्णपणे जळालं असं झालं. अर्धवट जळलं असेल तर सरळ "होरपळलं" किंवा "जळालं" लिहा.

मूळ कसं तपासायचं

आता व्युत्पत्ती. दिसायला सारखे दोन शब्द दिसले की लगेच नातं जुळवून टाकायचं, ही सगळ्यात वाईट सवय. त्यापेक्षा तीन गोष्टी बघायच्या, आवाज नियमाने बदललाय का, लिंग जुळतंय का, आणि जुना अर्थ काय होता.

राख घेऊन करून बघू. संस्कृतात रक्षा या शब्दाचा एक अर्थ राख असाही आहे. प्राकृतात त्याचं झालं रक्खा, क्ष चा क्ख. मग मराठीत येताना जोडाक्षरातलं एक व्यंजन गळालं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, राखा, आणि शेवटचा आ गळून राख. हे मनाने जुळवलेलं नाहीये हे कशावरून, तर याच रस्त्याने बाकीचेही आलेत, लज्जाचं लाज, जिह्वाचं जीभ, भिक्षाचं भीक. आणि लिंग बघा, ती रक्षा, ती राख, ती लाज, ती जीभ, सगळ्या स्त्रीलिंगीच राहिल्या. काजळ तपासा, कज्जल मधला एक ज गेला, आधीचा अ लांबला, स्वरांमधल्या ल चा मराठीच्या सवयीप्रमाणे ळ झाला, आणि ते कज्जल तसंच ते काजळ, नपुंसकलिंग कायम. दोन्ही चाचण्या पास. लिंगाची चाचणी कायम चालेलच असं नाही, काही शब्द वाटेत लिंग बदलतात, पण जिथे जुळतं तिथे ती चांगली साक्ष असते.

एक सावधगिरी, मराठीत क्ष चा नेहमी ख होत नाही. क्षेत्रचं हिंदीत खेत झालं पण आपल्याकडे शेत, मक्षिकाची हिंदीत मक्खी आणि आपल्याकडे माशी. म्हणजे दोन्ही वाटा मराठीत आहेत. त्यामुळे ख दिसला म्हणून शब्द हिंदीतून आला असं ठरवायचं नाही आणि श दिसला म्हणून क्ष वालं मूळ नाकारायचं नाही.

तिसरी चाचणी जुन्या अर्थाची, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. रक्षा म्हणजे सांभाळणं आणि रक्षा म्हणजे राख, हे दोन अर्थ एका शब्दात कसे? संस्कृत कोशकार राखेचा अर्थ देताना ती जपण्यासाठी, टिकवण्यासाठी वापरायची असं नोंदवतात. आणि ते पटतं, कडधान्य राखेत घोळवून ठेवलं की किडे लागत नाहीत, कारण बारीक राख किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते आणि तो सुकून मरतो. रात्री निखारा राखेत पुरून ठेवला तर सकाळी फुंकर मारून पुन्हा विस्तव करता येतो, म्हणजे जी आगीतून निघाली तीच आग राखते. राखणं, राखणदार, राखी, राखीव, हे सगळे रक्ष् धातूच्या घरातलेच.

भस्मची गोष्ट उलटी. मूळ धातू भस्, अर्थ चावणं, खाऊन टाकणं. म्हणजे भस्म म्हणजे आगीने खाऊन पचवून मागे टाकलेलं. एकदा हे कळलं की कितीही खाल्लं तरी भूक न भागणाऱ्या रोगाला भस्म्या का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे राख आणि भस्म दिसायला एकच भुकटी, पण एका नावात सांभाळणं आहे आणि दुसऱ्यात गिळणं.

विभूतीचा मूळ अर्थ सामर्थ्य, ऐश्वर्य, म्हणून थोर माणसालाही विभूती म्हणतात, राखेचा अर्थ नंतर चिकटला. अंगार मात्र आधीपासून निखाराच होता. मराठीत तो निखारा विझला आणि राखेचा अंगारा झाला, आणि प्राकृतातल्या इंगाल या रूपातून आलेला इंगळ पेटता राहिला. लाल दिसणाऱ्या मंगळाला अंगारक म्हणायचे, तिथून मंगळवारची अंगारकी चतुर्थी.

फसवे शब्द

बेचिराख. हा या विषयातला सगळ्यात मोठा ठग. "शहर बेचिराख झालं" म्हटलं की आपल्याला शेवटची राख दिसते, कुणी तर बे म्हणजे दोन, चि म्हणजे चिता असलंही काहीतरी जुळवतात. शब्द फारसी आहे, बे-चिराग, बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरला नाही ते गाव बेचिराग. महसुली भाषेत ओसाड गावाला बेचिराग म्हणायची पद्धत आहेच. मग लोकांच्या कानाला ग चा ख ऐकू आला, कारण ख घेतला की शेवटी राख हा ओळखीचा शब्द सापडतो, आणि उजाड झालेल्या गावात राख असणारच ना. म्हणजे मुळात आग लागायची गरजच नाही, साथीने माणसं गेली, दुष्काळाने गाव उठलं, तरी ते बेचिराग. माझं मत विचाराल तर आज "बॉम्बहल्ल्यात बेचिराख" लिहिणं चूक नाही, भाषेने तो अर्थ स्वीकारलाय, पण "भूकंपात बेचिराख" लिहिणाऱ्याला "तिथे आग कुठे होती" म्हणून हटकायला जाऊ नका, मुळाच्या हिशोबाने तोच जास्त बरोबर आहे.

असं इंग्रजीतही झालंय. त्यांचा सिंडर (जळून उरलेला तुकडा) हा शब्द जुन्या इंग्रजीत एस ने लिहायचे आणि त्याचा अर्थ लोखंडाचा मळ. फ्रेंचमध्ये राखेला सांद्र म्हणतात, त्याचं स्पेलिंग सी ने सुरू होतं, तो शब्द शेजारी येऊन बसला आणि सिंडरचंही स्पेलिंग बदललं, अर्थही राखेकडे सरकला.

खाक दुसरा. जळून खाक झालं, तर खाक म्हणजे राख? नाही, फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. जळून खाक म्हणजे जळून मातीला मिळालं. म्हणून खाकी हा मातीचा रंग, राखेच्या रंगाला आपण राखाडी म्हणतो. दोन रंग शेजारी ठेवून बघा, फरक समोरच दिसेल.

गुल फारसीतून आलेला, तिथे गुल म्हणजे फूल, आणि वातीच्या टोकाला जो जळका गोळा फुलासारखा धरतो तोही गुल. दिव्याचा गुल झाडला किंवा दिवा मालवला यावरून मग बत्ती गुल. म्हणजे लाईट गेली की आपण जे म्हणतो त्यात अजून ती जळकी वात आहे.

आणि कोळसा आणि इंग्रजी कोल. एवढे सारखे की मोह होतोच. पण इंग्रजीतला कोल जुन्या जर्मॅनिक घरातला (जर्मन, इंग्रजी ज्या घरातल्या ते), आणि आपल्याकडे इंग्रज यायच्या कितीतरी आधी प्राकृतात कोळशाला कोइला म्हणत होते, हिंदीतला कोयला त्याचाच. नुसत्या आवाजावरून नातं जोडायचं नाही ते यासाठी. खरे नातेवाईक बऱ्याचदा ओळखूच येत नाहीत, रशियन भाषेत कोळशाला उगल म्हणतात आणि भाषाशास्त्राच्या हिशोबाने तो आपल्या अंगाराचा भाऊबंद आहे.

शाईचंही इथेच सांगून टाकतो. संस्कृतात मषी म्हणजे काजळी पण आणि शाई पण, कारण शाई दिव्याच्या काजळीचीच करायचे, आणि कार्बन उडत नाही म्हणून तर जुन्या पोथ्यांची अक्षरं अजून काळीभोर आहेत. मराठीत मषी मागे पडली आणि फारसी सियाहीची शाई आली, सियाही म्हणजे काळेपणा. मग निळी शाई, लाल शाई म्हणताना आपण काय म्हणतोय ते बघा.

शेतकऱ्याच्या तोंडात रोज असलेला पोटॅश हा शब्दही राखेचाच आहे. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी मडक्यात आटवायचं, खाली पांढरा क्षार उरतो, ती मडक्यातली राख, पॉट-अॅश, डच भाषेतून फिरलेला शब्द. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने त्यातून धातू वेगळा काढला आणि त्याचं नाव पोटॅशियम ठेवलं. खताच्या पोत्यावर त्याच्यासाठी के छापतात कारण लॅटिन नाव कॅलियम, ते आलं अरबी अल-कली वरून, त्याचाही अर्थ झाडं जाळून केलेली राख. अल्कली तोच. राखेने भांडी निघतात ती पण याच क्षारामुळे, तेलकटपणाचा थोडा साबण होतो.

कोशात बघताना

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) जुना अर्थ आणि बोलीतला वापर बघायला बेस्ट, पण त्याच्या व्युत्पत्त्या खूप त्रोटक. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात वाक्यातली उदाहरणं मिळतात. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट शोधता येतात. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश, टर्नरमध्ये मात्र मराठी शब्दाने नाही तर संस्कृत रूपाने नोंद असते म्हणून आधी अंदाजे मूळ काढून जावं लागतं किंवा मागची सूची बघावी लागते. आणि मोल्सवर्थमध्ये "करपणे" टाकून काही मिळालं नाही तर शब्द नाही असं समजू नका, तिथे जुन्या लेखनाप्रमाणे शेवटी अनुस्वार असतो, "करपणें" टाका. तसंच बेचिराख सापडला तरी तिथे न थांबता चिराग पण उघडून बघा, आणि गुल बघताना फुलाचा अर्थ वाचून पान बंद करू नका, खाली वातीचा अर्थ आहे.